शेजाऱ्याचा धर्म आणि बिनपगारी संपादक

इस्लाम धर्माविषयी एखादी गोष्ट जाणून घ्यावयाची असली, तर पूर्वी माणूस मशिदीतल्या मौलवींना विचारी, शाळेतल्या उर्दूच्या शिक्षकांना विचारी, नाहीतर सरळ शेजारच्या मुसलमान मित्राच्या घरी जाऊन त्याच्या आईला विचारी. आजची तरुण मंडळी तसे करीत नाहीत. ती खिशातला फोन काढतात आणि एखाद्या सामुदायिक ज्ञानकोशातला लेख उघडतात. रोजा केव्हा सोडतात, मोहरम हा सण की शोक, शिया आणि सुन्नी यांत भेद काय, ह्या सर्वांची उत्तरे दोन मिनिटांत मिळतात. ती उत्तरे लिहितो कोण, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाही.

लिहिणारे पगारी पंडित नसतात. दिवसभर आपापला उद्योग करून रात्री जेवणे आटोपल्यावर लिहायला बसणारी ती साधी माणसे. त्यांना कोणी मानधन देत नाही, कोणी शाल-नारळ देत नाही, बहुतेकांची तर खरी नावेही वाचकाला ठाऊक नसतात. अशा बिनपगारी संपादकांच्या हाती आज जगातल्या एका मोठ्या धर्माची ओळख करून देण्याचे काम येऊन पडले आहे. आम्हांला ह्या लोकांविषयी आदर वाटतो आणि धास्तीही वाटते. दोन्ही का, ते आज सांगावयाचे आहे.

आमच्या कित्येक वाचकांचे मुलगे-मुली, भाचे-पुतणे आज परदेशी आहेत, म्हणून उदाहरण तिकडचेच घेऊ. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात वूस्टर शहराला लागून, क्विन्सिगमंड नावाच्या लांबट तलावाच्या पूर्वेला, श्रूजबरी हे गाव आहे. गाव जुने, १७२७ सालचे. २०२० च्या शिरगणतीत तेथील वस्ती ३८ हजारांच्या थोडी वर भरली. भारतीय कुटुंबे तेथे पुष्कळ आहेत. वूस्टरच्या भारतीय मंडळाचे स्वतःचे केंद्रही श्रूजबरीतच, तलावाच्या बाजूच्या रस्त्यावर आहे. तलाव ओलांडून वूस्टरला गेले की तेथे मुसलमानांचे इस्लामिक सेंटर आहे. म्हणजे एकाच शाळेच्या बाकावर मराठी मुलगा आणि मुसलमान मुलगी शेजारी बसावी, अशी ही वस्ती. आपल्या रोझ-हिल किंवा वाक्वाच्या शाळेत जे आपण लहानपणापासून पाहिले तेच, फक्त खिडकीबाहेर बर्फ.

त्या मुलाने घरी येऊन विचारले की, "ती आज डबा का खात नाही?" तर आई-वडील काय करणार? फोन काढणार. आणि त्या क्षणी त्या घरात इस्लामचा पहिला धडा कोण देणार? कधीही न भेटलेला, नाव न सांगणारा कोणीतरी बिनपगारी संपादक.

ह्या प्रश्नाला ह्याच परिसरात एक जुना इतिहास आहे आणि तो फारसा कोणाला माहीत नाही. इसाया थॉमस नावाचा एक नामांकित मुद्रक १७७५ साली आपला छापखाना बोस्टनहून उचलून वूस्टरला घेऊन आला. पुढे १८१२ साली त्याने तेथे जुन्या ग्रंथांचा संग्रह करणारी मोठी संस्था स्थापन केली. ती आजही वूस्टरला आहे. त्याचा त्याच नावाचा मुलगाही ह्याच धंद्यात होता. ह्या मुलासाठी १८०६ साली स्प्रिंगफील्ड येथे, वूस्टरपासून पश्चिमेला सुमारे ८० किलोमीटरवर, हेन्री ब्रुअर ह्या मुद्रकाने एक पुस्तक छापले. अमेरिकेत छापलेले ते पहिले कुराण.

ऐकायला मोठे गोड वाटते. पण ते कुराण कोणते होते? आंद्रे द्यू रिये नावाचा एक फ्रेंच गृहस्थ इजिप्तमध्ये आपल्या राजाचा वकील होता. त्याने १६४७ साली अरबीतून फ्रेंचमध्ये भाषांतर केले. दोन वर्षांनी, १६४९ मध्ये, लंडनला त्या फ्रेंचवरून इंग्रजी केले गेले. हे इंग्रजी अलेक्झांडर रॉस याच्या नावावर चालते आणि ह्या पाद्रीबुवांना अरबी येत नव्हते. तुर्कांच्या धर्मातील पोकळपणा ख्रिस्ती वाचकाला दिसावा, हा हेतू त्या पुस्तकाने मुखपृष्ठावरच सांगून टाकला होता. भाषांतराचे भाषांतर, आणि वर हेतू हा असा! त्यानंतर १७३४ मध्ये जॉर्ज सेल याने मूळ अरबीवरून पुष्कळच काळजीपूर्वक इंग्रजी कुराण सिद्ध केले होते. टॉमस जेफरसन कायद्याचा विद्यार्थी असताना त्याने १७६५ साली तीच प्रत विकत घेतली. २००७ साली कीथ एलिसन हे अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात निवडून गेलेले पहिले मुसलमान सभासद झाले, तेव्हा त्यांनी शपथेच्या वेळी हात ठेवला तो जेफरसनच्याच ह्या ग्रंथावर. म्हणजे चांगले भाषांतर सत्तर वर्षांपासून उपलब्ध होते, तरी १८०६ साली छापले गेले ते जुने, दुसऱ्या हातचे.

आपली फ्रेंच जाणणारी वाचक मंडळी येथे थोडी हसतील. द्यू रियेचे पुस्तक निदान त्यांना मुळातून वाचता येईल. इंग्रजांना तेही जमले नाही.

पण ह्या कथेतील आम्हांला लागलेली गोष्ट वेगळीच आहे. १८०६ साली अमेरिकेत मुसलमान नव्हते असे नाही. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांत कितीतरी मुसलमान होते. त्यांतले काही शिकलेले, अरबी लिहिता-वाचता येणारे, लहानपणी कुराणाचे अध्याय मुखोद्गत केलेले. उमर इब्न सईद हा त्यांतलाच एक. पश्चिम आफ्रिकेत त्याने अनेक वर्षे विद्याभ्यास केला होता. १८०७ साली त्याला गुलाम म्हणून चार्ल्सटनच्या बंदरात उतरविले. पुढे १८३१ मध्ये नॉर्थ कॅरोलिनात त्याने स्वतःचे चरित्र अरबीत लिहिले आणि त्याची सुरुवात कुराणातल्या एका अध्यायाने केली. ते हस्तलिखित आज वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात आहे. एकीकडे न्यू इंग्लंडचे छापखानदार लंडनमध्ये दीडशे वर्षांपूर्वी छापलेले, अरबी न येणाऱ्याचे कुराण पुन्हा छापीत होते. दुसरीकडे ज्याला ते पाठ होते तो दक्षिणेत मालकाच्या घरी राबत होता. त्याला विचारावे हे कोणाच्या मनातही आले नाही.

आजच्या बिनपगारी संपादकांची परीक्षा आम्ही ह्याच ठिकाणी करू. ज्याचा धर्म, त्याला विचारले का?

न्यायाने बोलायचे तर आजची परिस्थिती १८०६ पेक्षा कितीतरी बरी आहे. इंग्रजी विकिपीडिया जानेवारी २००१ मध्ये सुरू झाला. तेथे कोणीही लिहावे, पण स्वतःचे मत घुसडू नये, प्रत्येक विधानाला विश्वासार्ह ग्रंथाचा आधार द्यावा आणि वादाच्या सर्व बाजू मांडाव्या, असा दंडक आहे. इस्लामवरचे लेख मुसलमान लिहितात, ख्रिस्ती लिहितात, नास्तिक लिहितात, ज्यू आणि हिंदू लिहितात. एकमेकांची वाक्ये खोडतात, पुन्हा लिहितात. भांडणेही होतात. २००८ साली प्रेषित महंमदांवरील लेखातली जुनी चित्रे काढावीत म्हणून लाखाच्या वर लोकांनी सह्या करून मागणी केली. ती चित्रे मुसलमान चित्रकारांनीच पूर्वीच्या शतकांत काढलेल्या हस्तलिखितांतली होती, म्हणून संपादकांनी ती ठेवली. ज्याला पाहावयाची नाहीत त्याने ती आपल्यापुरती झाकावी, अशी सोय सांगितली. आम्ही त्या जागी असतो तर कदाचित निराळा निर्णय घेतला असता. शेजाऱ्याने डोळ्यांत पाणी आणून नको म्हटले तर एक चित्र कमी दाखविल्याने विद्येचे फार नुकसान होत नाही, असे आम्हांला वाटते. पण त्यांनी कारणे उघड सांगितली, लपविले काही नाही, हेही मानले पाहिजे.

दुसरा नमुना 'विकीइस्लाम' नावाच्या कोशाचा. हाही स्वयंसेवकांनीच लिहिलेला, परंतु इस्लामवर टीका करणे हाच त्याचा मूळ उद्देश होता. स्वीडनचे एक धर्माभ्यासक, गोरान लार्सन, यांनी २००७ मध्ये त्याची छाननी करून हा इस्लामद्वेषाचा प्रकार तर नव्हे ना, असा प्रश्न उभा केला. पुढे २०१५ मध्ये हा कोश उत्तर अमेरिकेतील, इस्लाम सोडून गेलेल्या लोकांच्या एका संघटनेकडे आला, आणि जुने भडक लेखन दूर करून त्याला अभ्यासाचे रूप देण्याचे काम त्यांनी हाती घेतले.

आमच्या काही वाचकांना वाटेल की असले लेखन मुळातच बंद असावे. आम्हांला तसे वाटत नाही. ज्याने एक धर्म आतून पाहिला आणि सोडला त्यालाही आपली हकीकत सांगण्याचा हक्क आहे. त्यांतले काही आपले नाव लपवितात ते जिवाच्या भीतीने, आणि ती भीती सर्वच ठिकाणी खोटी नाही. पण अशा कोशात एक खोड सहज शिरते. प्रत्येक वाक्याला आधार असतो, पान क्रमांकासकट. आणि तरी सगळा लेख मिळून खोटा असतो. कसा? एखाद्या कुटुंबाविषयी लिहिताना फक्त त्यांची भांडणेच तारीखवार टिपून ठेवली तर एकही तारीख चुकीची नसेल, पण ते कुटुंब त्यात सापडणार नाही. सासू सुनेसाठी रात्र-रात्र जागली ते कोणत्या पानावर आहे?

आपल्यालाही ह्याचा अनुभव आहे. आपल्या गणपतीविषयी, गोंधळाविषयी, झाकरीविषयी परक्यांनी लिहिलेले वाचताना आपण कितीदा चडफडलो आहोत! माहिती सगळी बरोबर असते. गणेशचतुर्थीला समुद्रावर किती मूर्ती गेल्या तेही लिहिलेले असते. आणि तरी लिहिणारा आपल्या ओसरीवर कधी बसलेला नाही हे पहिल्या ओळीतच कळते.

आता मराठीकडे वळू. मराठी विकिपीडिया मे २००३ पासून चालू आहे. इंग्रजीत एका लेखावर शंभर डोळे असतात, मराठीत दोन-चार. त्यामुळे एकाने रागाच्या भरात किंवा नुसत्या ऐकीव माहितीवर काही लिहून ठेवले, तर ते वर्षानुवर्षे तसेच राहण्याचे भय मोठे. येथे स्वयंसेवक कमी पडतात ते पैशाअभावी नव्हे. अरबी, फारसी, उर्दू जाणणारा आणि चांगले मराठी लिहिणारा माणूस दुर्मिळ झाला आहे. एके काळी सेतुमाधवराव पगडींसारखे लोक होते, ज्यांना फारसी कागद आणि ज्ञानेश्वरी दोन्ही सारखेच सहज वाचता येत.

आणि आपल्या मराठीत ह्या कामाचे फार चांगले आदर्श आहेत. त्यांतले दोघे तर आपल्या पूर्वजांच्या कोकणातलेच. विनोबा भावे कुलाबा जिल्ह्यातील गागोद्याचे. कुराण समजून घ्यावे असे मनात आले तेव्हा त्यांनी अरबी शिकण्यास आरंभ केला, उच्चार घोटून घेतले, वर्षानुवर्षे मूळ ग्रंथ वाचला आणि मग १९६२ साली निवडक वचनांचे 'कुराण-सार' काढले. त्याच वर्षी ते पायी पूर्व पाकिस्तानात जाणार होते. एका काफराने आमच्या ग्रंथाची निवड करावी काय, अशी ओरड कराचीच्या वृत्तपत्रांत पुस्तक हातीही पडण्यापूर्वीच झाली; तिला उत्तर दिले ते हिंदुस्थानातल्या मुसलमान पत्रकारांनी. विनोबांना स्वतःला काही बोलावेच लागले नाही. बिनपगारी संपादकाला ह्याहून मोठे मानधन कोणते असते ते आम्हांला ठाऊक नाही. आमची एक तक्रार मात्र आहे. विनोबांनी फुलेच तेवढी वेचली, काटे बाजूला ठेवले. ते पुस्तकाच्या नावातच कबूल केलेले असल्यामुळे फसवणूक नाही. पण तेवढ्यावरून इस्लामचा इतिहास कळला असे कोणी समजू नये.

काट्यांविषयी बोलण्याचे काम दुसऱ्या कोकण्याने केले. हमीद दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत त्यांनी सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा विधानभवनावर नेला. तोंडी तलाक बंद करा, ही मागणी. सातच बाया! २२ मार्च १९७० रोजी पुण्यात त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले, आणि १९७७ मध्ये, पंचेचाळिशीही गाठण्यापूर्वी, मूत्रपिंडाच्या विकाराने ते वारले. त्यांनी आपल्या समाजावर जी टीका केली ती विकीइस्लामपेक्षा काही मवाळ नव्हती. परंतु ती त्यांनी मराठीत, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या माणसांसमोर उभे राहून केली. शिव्याही तेथेच खाल्ल्या. घरातल्या माणसाने घराच्या भिंतीला पडलेली भेग दाखवावी आणि रस्त्यावरून जाणाऱ्याने दगड मारावा, ह्यांत फरक आहे. दलवाईंची वाक्ये उचलून त्यांचेच दगड करणारेही पुष्कळ निघाले, हे दुर्दैव.

उलट दिशेचेही एक उदाहरण आपल्याकडे आहे, आणि ते आम्हांला सर्वांत प्रिय आहे. सतराव्या शतकात श्रीगोंद्याला शेख महंमद नावाचे संत होऊन गेले. जन्माने मुसलमान, त्यांनी मराठीत 'योगसंग्राम' हा ग्रंथ लिहिला. हिंदूंच्या योगमार्गावर एका मुसलमानाने लिहिले, आणि वारकऱ्यांनी त्यांना आपल्या संतांत बसविले. ते आपले झाले, कारण त्यांनी आपले ऐकून घेऊन मग लिहिले होते. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा ह्या जुन्या नात्याची पुन्हा एकदा सर्वांना आठवण झाली. आपल्या रोजच्या बोलण्यातही ते नाते आहेच. तारीख, वकील, मालक, कायदा हे शब्द अरबीतून आलेले. ते काढून टाकले तर आपल्या आजोबांचे करारनामेसुद्धा आपल्याला वाचता येणार नाहीत.

येथे बेटावर हा विषय नुसता पुस्तकी नाही. पोर्ट लुईच्या लास्कर वस्तीत १८०५ च्या सुमारास, फ्रेंच अमदानीत, पहिली मशीद उभी राहिली. म्हणजे आपले कोकणातले पूर्वज जहाजातून उतरण्याच्या कितीतरी आधी. प्लेन व्हर्तची घून मिरवणूक पाहायला, तिच्यात नवस फेडायला जुन्या पिढीतले हिंदू मजूरही जात. आणि ह्याच पोर्ट लुईत जानेवारी १९६८ मध्ये, स्वातंत्र्याला दोन महिनेही उरले नव्हते तेव्हा, मुसलमान आणि क्रेओल शेजाऱ्यांत दंगल पेटली. माणसे मेली. वर्षानुवर्षे एका गल्लीत राहिलेल्या कुटुंबांनी रातोरात बिऱ्हाडे हलविली आणि कित्येक पुन्हा परत आली नाहीत. त्या वेळी अफवा तोंडातोंडी पसरण्यास निदान रात्र तरी लागे. आज तितका वेळही लागत नाही, आणि अफवेला लेखाचा पोशाख चढविला की ती माहिती म्हणून खपते.

म्हणून श्रूजबरीतल्या त्या मराठी आई-वडिलांना आम्ही सांगू की, फोन अवश्य काढा, लेख वाचा. पण त्या लेखाखाली कोणत्या ग्रंथांचे आधार आहेत ते पाहा. त्यांत एखादे तरी पुस्तक मुसलमान अभ्यासकाचे आहे का, हे पाहा. आणि मग मुलाला म्हणा, उद्या तिलाच विचार. रमजानात संध्याकाळी त्या मुलीच्या घरी खजूर पोचवायला त्याला पाठवा. तिच्या आईने सांगितलेले आणि लेखात वाचलेले जुळते का, ते मुलगाच येऊन सांगेल. नाही जुळले तर लेख दुरुस्त करण्याचा अधिकार त्यालाही आहे. असे लेख दुरुस्त करणाऱ्याला परवाना लागत नाही. आपल्या तरुणांतून चार-पाच जण जरी मराठीतले हे लेख नीट तपासू लागले, शेजारच्या उर्दू शिक्षकांना एकेक परिच्छेद वाचून दाखवू लागले, तर ते काम महाराष्ट्रातल्या वाचकालाही उपयोगी पडेल. मराठी, क्रेओल, फ्रेंच, इंग्रजी आणि थोडी भोजपुरी जाणणारा, आणि मुसलमान शेजारी असलेला असा संपादक पुण्यातही सहज मिळत नाही!

ह्या पानापुरते आम्ही एक लहानसे काम आजपासून हाती घेत आहोत. आपल्या गावी, आपल्या इस्टेटीच्या कॅम्पात मुसलमान शेजाऱ्यांबरोबर साजरे झालेले सण, घूनच्या आठवणी, ईदच्या शेवया, गणपतीला आलेले त्यांचे निरोप, दोन्ही घरांत चालणारे शब्द, असे जे काही वडीलधाऱ्यांना आठवत असेल ते वाचकांनी लिहून पाठवावे. अट एकच: मजकूर पाठविण्यापूर्वी तो त्या मुसलमान कुटुंबातील कोणाला तरी वाचून दाखवावा, आणि त्यांनी काही सुधारले असल्यास ते तसेच खाली लिहावे. मराठी लिहिणे जड जात असेल तर क्रेओलमध्ये लिहिले तरी चालेल. मराठी आम्ही करू. मजकूर कागदाच्या एकाच बाजूस, सुवाच्य अक्षरात असावा.